बिनसाक्षीचा नाद

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत, औंढा आणि कळमनुरी या तालुक्यांतील गांवकरी जमिनीच्या पोटांतून गूढ आवाज येत असल्याचें पुष्कळ वर्षें सांगत आले आहेत. वसमत तालुक्यांतील पांगरा शिंदे हें गांव तर या आवाजामुळेंच वर्तमानपत्रांच्या वाचकांना माहीत झालें. पुढें ता. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं सहाच्या सुमारास या भागाला ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला, आणि त्याच वर्षीं ता. १० जुलै रोजीं पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. परभणी-नांदेडकडील लोकांनाहि ते जाणवले, भूकंपमापक यंत्रांवर त्यांच्या रेघा उमटल्या, आणि जमिनीच्या आवाजाला हजारों कानांची व यंत्राची अशी दुहेरी साक्ष मिळाली. त्यानंतर तेथील गांवकऱ्यांना कोणीं खुळ्यांत काढलें नाहीं.

याच वसमत तालुक्यांत हट्टा हें गांव आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. नंतर परभणी जिल्ह्यांत राहून १ मे १९९९ पासून तें नव्या हिंगोली जिल्ह्यांत मोडूं लागलें. अशा गांवांतल्या एखाद्या घरांत रात्रीं निजानीज झाल्यावर एकाच माणसाच्या कानांत रातकिड्याची किरकिर चालू आहे, आणि शेजारीं निजलेल्यांपैकीं कोणालाहि तिचा मागमूस नाहीं, असें झालें तर त्या आवाजाला साक्ष कोणाची काढावयाची? आमच्या जुन्या वैद्यांनीं याला कर्णनाद म्हटलें; पाश्चात्त्य वैद्यक त्याला टिनिटस म्हणतें, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थहि किणकिणणें एवढाच आहे. हट्ट्याचें नांव आम्ही घेतलें तें एवढ्याचसाठीं कीं शहराच्या गलबल्यांत जो नाद बुडून जातो तो खेड्याच्या निवांत रात्रींत दसपट मोठा वाटतो. घरांतल्या घरांत कानाला कांहीं इजा होते, जखम भरून येते, आणि आवाज तेवढा मागें राहतो. या मागें राहणाऱ्या आवाजाशीं माणसांनीं आजवर कसकसा संसार केला, तें येथें पाहावयाचें आहे.

घरांत कान दुखावण्याचीं निमित्तें अगदीं साधीं असतात. कोणी कान कोरीत बसलेला असतो, मूल धांवत येऊन त्याच्या कोपरावर आदळतें आणि काडी आंत जाते. केसांतला आकडा, आगपेटीची काडी, तिजोरीची किल्ली, हल्लींची कापूस गुंडाळलेली प्लास्टिकची काडी, जें हातीं लागेल त्यानें कान साफ करण्याची संवय आमच्याकडे श्रीमंतांपासून गरिबांपर्यंत सर्वांना आहे. दिवाळींत दाराशीं फुटलेला सुतळी बाँब किंवा स्वयंपाकघरांत उडालेलें कुकरचें झांकण हींहि त्यांतलींच निमित्तें. परंतु एका निमित्ताची नोंद मराठी भाषेनें जितक्या आवडीनें केली आहे तितकी दुसऱ्या कोणत्याहि निमित्ताची केलेली नाहीं. कानशिलांत देणें, कानफटांत मारणें, कानाखालीं वाजविणें, कानाखालीं आवाज काढणें! यांतलें वाजविणें हें क्रियापद विचार करण्याजोगें आहे. हाताचा तळवा कानाच्या भोंकावर बरोबर बसला म्हणजे आंतली हवा एकाएकीं दाबली जाते आणि पडदा फाटतो. मारणारानें जें एकदां वाजविलें तें मार खाणाराच्या कानांत पुढें कित्येक दिवस, क्वचित् जन्मभर, वाजत राहतें. दवाखान्यांत ‘दार लागलें’ किंवा ‘न्हाणीघरांत पडलें’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या इजांपैकीं कांहीं या जातीच्या असतात. शाळेंतील मारहाणीस २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें बंदी केली, घरांतील स्त्रियांसाठीं २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला. पण हे वाक्प्रचार अजून विनोदी म्हणूनच आमच्या तोंडीं वावरत आहेत, आणि आम्हांला तें बरें वाटत नाहीं.

आतां आवाज कोठून येतो तें थोडक्यांत सांगतों. कानाचा पडदा आठ ते दहा मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ असतो. तो फाटला तरी बहुतेक वेळां कांहीं आठवड्यांत आपोआप सांधतो. त्याला फक्त कोरडें राहूं द्यावें लागतें. खरी नाजूक वस्तु त्याच्या पलीकडे आहे. शंखासारख्या वळलेल्या एका नळींत सुमारे पंधरा हजार केसाळ पेशी असतात, आणि त्या आवाजाचें रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशांत करितात. मोठ्या धमाक्यानें किंवा जबर आघातानें त्यांतल्या कांहीं मेल्या तर माणसाच्या कानांत त्या पुन्हा उगवत नाहींत. मग ज्या सुरांची वार्ता मेंदूला मिळेनाशी होते त्यांच्यासाठीं मेंदू आपला कान अधिक टंवकारतो, रेडिओवर स्टेशन लागलें नाहीं म्हणजे आपण आवाजाची खुंटी पिळीत जावी त्याप्रमाणें. आणि जी खरखर वाढते तीच रोग्याला ऐकूं येते, अशी आजच्या शास्त्रज्ञांची समजूत आहे. सर्व बारकावे अद्याप उलगडलेले नाहींत. पण एवढें नक्की कीं हा आवाज खोटा नाहीं. तो फक्त खोलींत नाहीं.

आमच्या प्राचीनांना पेशींची माहिती नव्हती, परंतु रोग्याचें म्हणणें त्यांनीं मन लावून ऐकलें होतें. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत आणि त्यांत कर्णनाद व कर्णक्ष्वेड हे दोन वेगळे मानले आहेत. वायु शब्द वाहणाऱ्या मार्गांत शिरून बसला म्हणजे भेरी, मृदंग, शंख अशा नाना वाद्यांचे ध्वनि ऐकूं येतात, असें सातव्या-आठव्या शतकांतील माधवनिदानांत कर्णनादाचें वर्णन आहे. क्ष्वेडांत त्याऐवजीं वेळूच्या बांसरीसारखा बारीक आवाज येतो. घुमणारा आणि शीळ घालणारा हा भेद आजचे डॉक्टरहि रोग्याला पहिल्या भेटींत विचारतात. उपचार मात्र बहुतेक तेलाचे: पोटांत स्नेह, कानांत औषधी तेलाचें पूरण. घराघरांतून लसूण कढवून कोमट तेल कानांत सोडण्याची जी चाल आहे ती याच परंपरेची गरीब नात म्हणावी. तिच्यावर आमचा एकच आक्षेप आहे, पण तो मोठा आहे. जुना वैद्य कान पाहून तेल घाली. आजी न पाहतां घालते. पडदा फाटलेल्या कानांत तेल गेलें म्हणजे जें दुखणें आठवड्यांनीं सरलें असतें तें पू होऊन महिनोन् महिने रेंगाळतें.

आतां एक चमत्कार पाहा. जे ध्वनि वैद्यांनीं रोग म्हणून नोंदले तेच ध्वनि योग्यांनीं सिद्धीच्या खुणा म्हणून नोंदले आहेत. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामानें रचिलेल्या हठयोगप्रदीपिकेच्या चवथ्या उपदेशांत नादानुसंधानाचा क्रम दिला आहे: आरंभीं समुद्र, मेघ व भेरी यांसारखे, मध्यें मृदंग, शंख व घंटा यांसारखे, आणि शेवटीं किंकिणी, बांसरी, वीणा व भ्रमर यांसारखे नाद ऐकूं येतात. माधवाची भेरी आणि स्वात्मारामाची भेरी एकच. एकाकडे रोगी कळवळून येतो, दुसऱ्याकडे साधक आनंदून. ही साधना मराठवाड्याला परकी नव्हती. हट्ट्याहून फार दूर नसलेल्या औंढ्याच्या नागनाथाच्या देवळांत नामदेवांना विसोबा खेचर भेटले अशी कथा आहे, आणि खेचर या नांवांतच योगांतील खेचरी मुद्रेची खूण आहे असें मानितात. नामदेवांचें जन्मगांव म्हणून प्रसिद्ध असलेली नर्सीहि याच जिल्ह्यांतली. अनाहत नादाची भाषा नाथपंथांतून वारकरी वाङ्मयांत आली, आणि तो नाद ऐकणाऱ्या नाथांना लोक त्यांच्या चिरलेल्या कानांवरून कानफाटे म्हणत, हीहि गंमत नव्हे काय?

कोणी यावरून कर्णनादानें गांजलेल्या माणसाला ‘तुम्हांला अनाहत ऐकूं येतें, भाग्यवान आहांत’ असें सांगूं लागेल तर तें आम्हांला क्रूरपणाचें वाटतें. योगी अंगठ्यांनीं कान बंद करून तो नाद शोधतो आणि आसन सोडलें कीं आपल्या कामाला लागतो. रोग्याला त्यापासून उठून जातां येत नाहीं. तरी या दोन ग्रंथांच्या शेजारीं शेजारीं वाचनांतून एक गोष्ट हातीं लागते. आवाज किती मोठा आहे यावर त्याचा त्रास अवलंबून नसतो. ऐकणारा त्याला काय समजतो यावर तो पुष्कळ अवलंबून असतो. ही गोष्ट पाश्चात्त्य वैद्यकाला शास्त्र म्हणून मांडावयास १९९० साल उजाडावें लागलें. तें पुढें येईलच.

इतर देशांतहि प्रथम भीतीच होती. बाबिलोनी व असुरी वैद्यांच्या मातीच्या विटांवर ‘गाणाऱ्या’ कानांवरचे मंत्र व औषधें कोरलेलीं सांपडलीं आहेत. तेथें हा आवाज भुताच्या हाताचा मानीत. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें कानांत किणकिण झाली म्हणजे दूर कोणी आपल्याविषयीं बोलत आहे अशी लोकसमजूत नोंदली आहे. आमच्याकडे हें काम उचकीकडे दिलेलें आहे. धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्या डोक्यांत १५३० सालीं कोबुर्गच्या किल्ल्यांत असतां असा गडगडाट माजे कीं त्याला लिहिणें-वाचणें टाकावें लागे, आणि त्याचा दोष तो सैतानाला देई. या साऱ्यांत एकच शहाणा प्रश्न आढळतो, आणि तो ॲरिस्टॉटलच्या नांवावर मोडणाऱ्या ‘प्रश्न’ या ग्रंथांत आहे. बाहेर आवाज केला म्हणजे कानांतली गुणगुण कां थांबते, मोठा आवाज लहानाला हांकून देतो म्हणून काय? प्रश्नकर्त्यानें तो तसाच सोडून दिला. उत्तर त्यांतच होतें, परंतु त्याचा उपयोग करावयाचें दोन हजार वर्षें कोणाला सुचलें नाहीं.

घरगुती कर्णनादाची सर्वांत बोलकी हकीकत मात्र फ्रेंच ग्रंथकार रूसो याची आहे, आणि तिच्यावर थोडें थांबणें आवश्यक आहे. १७३६-३७ च्या सुमारास, वयाच्या पंचविशीच्या आंतबाहेर, तो शांबेरीजवळच्या ले शार्मेत नांवाच्या मळ्यांतील घरीं मादाम द वारांस यांच्या आश्रयानें राहत होता. एके दिवशीं सकाळीं तो एक लहानसें टेबल त्याच्या पायावर बसवीत होता. वजन कांहीं मोठें नव्हतें, प्रकृतीहि नेहमींपेक्षां वाईट नव्हती. एकाएकीं अंगांत वादळ उठावें तसें झालें, शिरा थडथड उडूं लागल्या, आणि दोन्ही कानांत प्रचंड आवाज सुरू झाला. रूसो जातीचा घड्याळजीचा मुलगा. त्यानें त्या आवाजाचे सुटे भाग करून दाखविले आहेत. एक खोल व बोथट गुणगुण, दुसरी वाहत्या पाण्यासारखी स्वच्छ झुळझुळ, तिसरी अतिशय तीव्र शीळ, आणि चवथी नाडीची थाप. या आंतल्या गोंगाटानें त्याचा बारीक कान कायमचा गेला. तो बहिरा झाला नाहीं, पण त्याला जड ऐकूं येऊं लागलें. झोंपहि उडाली.

तो मरणार अशीच सर्वांची व त्याचीहि समजूत झाली. वैद्य आला, काढे झाले, कांहीं आठवडे अंथरुणांत गेले. आणि बरें होत नाहीं, वाईटहि होत नाहीं, असें पाहून हा तरुण उठला व आपल्या नेहमींच्या उद्योगाला लागला. तीस वर्षांनंतर आत्मचरित्र लिहितांना त्यानें नमूद केलें आहे कीं त्या आवाजानें मध्यंतरीं एक मिनिटहि त्याला सोडलें नव्हतें. परंतु त्याच ठिकाणीं त्यानें लिहिलेली दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे: आपण मेलोंच असें धरून चालल्यावरच आपण खरे जगूं लागलों, असें तो म्हणतो. त्यानें बाग केली, कबुतरें माणसाळविलीं, मधमाशा पाळल्या, भूमिति आणि लॅटिन शिकावयास घेतलें. पुढें माँपेलिए येथील नामांकित वैद्यांकडे तो गेला, तेव्हां त्यांना दुखण्याचा थांग लागला नाहीं आणि म्हणून त्यांनीं त्याला मनाचा आजारी ठरविलें. नाडी, जीभ, डोळे, सर्व ठीक. मग कानांतला आवाज कसा मानावयाचा? रूसोची ही तक्रार वाचतांना आम्हांला आजच्या कितीतरी घरांतलें संभाषण आठवतें. ‘कांहीं नाहीं हो, तुम्ही लक्ष देतां म्हणून ऐकूं येतें.’ असें म्हणणारा मनुष्य प्रेमळ असतो आणि त्याचें अर्धें म्हणणें खरेंहि असतें; पण ऐकणाराला त्यांतला आरोप तेवढा ऐकूं येतो.

आणि याच माणसानें पुढें संगीतावर पोट भरलें. स्वरलिपीच्या नकला करून तो चरितार्थ चालवी, विश्वकोशासाठीं त्यानें संगीतविषयक लेख लिहिले, संगीताचा कोश रचिला, आणि १७५२ सालीं त्याचें ‘गांवचा ज्योतिषी’ हें संगीतनाटक फोंतेनब्लो येथें पंधराव्या लुईसमोर झालें. चार आवाजांचा मेळा डोक्यांत चालू असतां पांचवा सूर त्यानें कसा धरला असेल?

संगीतकारांत बीथोव्हेनची गोष्ट सर्वांस ठाऊक असते. १८०१ च्या जूनमध्यें आपला जुना मित्र वेगेलर याला लिहिलेल्या पत्रांत आपले कान रात्रंदिवस शिळा घालतात आणि गुणगुणतात असें त्यानें कळविलें, आणि दोन वर्षें आपण लोकांत जाणें टाळलें, कारण या धंद्याच्या माणसानें आपल्याला ऐकूं येत नाहीं असें सांगावें तरी कोणत्या तोंडानें, ही व्यथा मांडली. त्याच्या बहिरेपणाविषयीं ग्रंथच्या ग्रंथ झाले, या लपविण्याविषयीं त्या मानानें कमी लिहिलें गेलें. चेक संगीतकार स्मेताना यानें अगदीं उलट मार्ग धरला. १८७४ सालीं तो बहिरा झाला; १८७६ मध्यें त्यानें आपल्या आयुष्यावर रचिलेल्या चार तंतुवाद्यांच्या कृतींत, शेवटच्या भागांत ऐन आनंदाच्या भरांत एक अति उंच, लांबलेला सूर घातला. ती त्याच्या कानांतली शीळ होती. साक्षीदार नसलेला आवाज त्यानें भरसभेंत वाजवून घेतला.

उपचाराचा पहिला खरा माणूस पॅरिस येथील मुक्याबहिऱ्यांच्या शाळेचा डॉक्टर झां इतार हा होय. रानांत सांपडलेल्या व्हिक्टर नांवाच्या मुलाला माणसांत आणण्याच्या त्याच्या प्रयत्नामुळें शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो परिचित असतो. १८२१ सालीं त्यानें कानाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. कर्णनाद बहुधा बरा होत नाहीं, असें त्यानें रोकठोक सांगितलें. आणि मग जो आवाज घालवितां येत नाहीं त्याच्या जोडीला दुसरा सोबती द्यावा, असा उपाय सुचविला. डोक्यांत वारा घोंघावत असेल त्यानें धडधडती शेगडी पेटवावी. चुरचुर होत असेल त्यानें ओलें लांकूड जाळावें. घंटेसारखा नाद असेल त्याच्या उशाशीं बारीक भोंकाच्या भांड्यांतून तांब्याच्या परातींत पाणी ठिबकत ठेवावें. पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या चक्कीजवळ राहावयास जाणें, हेंहि त्याच्या सल्ल्यांत आहे. आम्हांला हें वाचतांना शिवलिंगावर टांगलेली गळती आणि गांवाच्या वेशीवरची गिरणी आठवली. औंढ्याच्या देवळांत किंवा हट्ट्याच्या बाजारांत इतारला हवे असलेले बहुतेक आवाज फुकट मिळाले असते.

त्यानंतर शंभर-सव्वाशें वर्षें या बाबतींत फारसें कांहीं झालें नाहीं. गोळ्या, विजेचे झटके आणि शस्त्रक्रिया येत गेल्या व जात राहिल्या. १९५३ सालीं हेलर व बर्गमन या दोघा अमेरिकन संशोधकांनीं ऐकण्याची कोणतीहि तक्रार नसलेल्या ऐंशी माणसांना एकेक करून आवाजबंद खोलींत बसविलें. शेंकडा ९४ जणांना कांहीं मिनिटांत कोठला ना कोठला आवाज ऐकूं आला: गुणगुण, शीळ, घूंघूं. कर्णनादानें पछाडलेले जें वर्णन करितात तेंच. म्हणजे हा नाद प्रत्येकाच्या वस्तींत आहे, बहुतेकांना जगाच्या गडबडींत तो ऐकूं येत नाहीं इतकेंच. १९७१ सालीं अमेरिकेंत या रोग्यांची संस्था निघाली. तिच्या संस्थापकांपैकीं चार्लस युनिस या डॉक्टरांना स्वतःलाच हें दुखणें होतें. पोर्टलंड शहरीं संशोधक जॅक व्हर्नन यांच्यासह ते एका कारंज्यापाशीं उभे असतां आपला नाद ऐकूं येत नाहीं असें त्यांच्या लक्षांत आलें, आणि त्यावरून व्हर्नन यांनीं कानांत घालावयाचें आवाज करणारें लहान यंत्र पुढें आणिलें. ॲरिस्टॉटलच्या नांवावरचा प्रश्न आणि इतारची परात यांची ही नवी आवृत्ति होय.

१९९० मध्यें पावेल यास्त्रेबॉफ यांनीं मांडलेली उपपत्ति याहून खोल गेली. कानांतला आवाज आणि त्याचा छळ या दोन वेगळ्या वस्तु आहेत. मेंदू ज्याला धोक्याची घंटा समजतो त्याचाच तो पहारा करीत बसतो, आणि भीति गेली कीं भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखा हा आवाजहि कानाआड होतो, असें त्यांचें म्हणणें. नाद बुडवून टाकूं नये, त्याच्याहून थोडा लहान आवाज सतत सोबतीला ठेवून मेंदूला त्याची संवय करावी, असा उपाय त्यांनीं आंखला. विचार व वर्तन यांच्या वळणावर काम करणाऱ्या मानसोपचारानें त्रास कमी होतो असें २०२० सालच्या एका मोठ्या पुनरीक्षणांतहि दिसून आलें. आवाज कमी होतो असें नव्हे. त्रास कमी होतो. आवाजच नाहींसा करणारें औषध अजून निघालेलें नाहीं, आणि तसें सांगून विकणाराकडे पाठ फिरवावी. २०२२ मधील एका अंदाजाप्रमाणें जगांतील ७४ कोटींहून अधिक प्रौढांना कर्णनाद आहे व त्यांपैकीं १२ कोटींहून अधिक लोकांना तो जाचक आहे. एवढें गिऱ्हाईक असतां विकणारांचा तोटा कसा पडेल?

आमच्या राज्यांत या विषयाची मोठी संस्था मुंबईस वांद्र्यांत आहे. ती १९८३ सालीं निघाली आणि महाराष्ट्राचे राज्यपाल असतां १९७६ मध्यें वारलेल्या अली यावर जंग यांचें नांव तिला दिलेलें आहे. अली यावर जंग हैदराबादचे. हट्टा ज्या राज्यांत होतें त्याच राज्यांतले. हट्ट्याहून मुंबई लांब पडते हें खरें, पण कान दुखावल्यावर पहिला प्रवास तितका लांबचा नसतोच. जिल्ह्याच्या ठिकाणीं कानाच्या डॉक्टरानें दिवा घालून पाहिलें म्हणजे पडदा फाटला आहे कीं नाहीं तें पांच मिनिटांत कळतें. एकाएकीं ऐकूं येईनासें झालें असेल तर मात्र दोन दिवस वाट पाहण्यांत नुकसान आहे. त्यावरचें औषध पहिल्या कांहीं दिवसांतच खरा गुण देतें. नाडीच्या ठोक्याबरोबर वाजणारा किंवा मुद्दाम एकाच कानांत राहणारा नादहि तपासून घ्यावा.

बाकीचा उपचार घरानेंच करावयाचा असतो. रोग्याला ‘आज आवाज कसा आहे’ म्हणून रोज विचारणें हा त्यांतला सर्वांत वाईट, आणि ‘तसलें कांहीं नसतें’ म्हणणें हा त्याच्या खालोखाल वाईट. त्याला ऐकूं येतें हें एकदां मान्य करावें, मग त्या विषयावर बोलूं नये. रात्रींची शांतता मोडावी. मराठवाड्यांतल्या कर्णनाद्यांना हें फार दिवस न शिकवतांच साधत आलें आहे, कारण उन्हाळ्याचे चार महिने डोक्यावर पंखा घरघरत असतो आणि इतारच्या शेगडीचें काम तो बिनबोभाट करितो. भारनियमनांत वीज गेली, पंख्याचीं पातीं मंदावत थांबलीं, कीं घरांतले इतर लोक उकाड्यानें जागे होतात आणि हा एकटा किरकिरीनें. अशा घरांत किल्लीवर चालणारें, मोठ्यानें टिकटिक करणारें जुनें घड्याळ माळ्यावर पडलें असेल तर तें मोडींत घालूं नये. तेल देऊन, किल्ली भरून त्याच्या उशाशीं आणून ठेवावें.